कालवं-शिंपल्यांसोबत म्युस्कादे: बाटली निवडण्यापासून ग्लासात ओतेपर्यंत

शिंपल्यांसोबत प्यायची पांढरी वाइन निवडताना बहुतेक जण तिच्यात काय आहे ते शोधतात: कुठल्या फळाचा वास, कुठल्या फुलाची छटा. आधी पाहायचं ते तिच्यात काय नाही. ओकच्या पिंपातून येणारा व्हॅनिलाचा वास नको, लोण्यासारखा गुळगुळीतपणा नको, साखर नको, तुरटपणा नको, अल्कोहोलची जळजळ नको. इतकं वजा करून उरते ती हलकी, स्वच्छ, आंबटसर वाइन. फ्रान्समध्ये ल्वार नदी अटलांटिक समुद्राला मिळते त्या टापूत, नांत शहराभोवती, म्युस्कादे नावाची अशी वाइन होते. तिच्यावरच इथे सविस्तर लिहिलं आहे. ती मिळाली नाही तर काय घ्यावं आणि कुठल्या पदार्थासोबत तिचा हट्ट सोडावा, तेही पुढे येईल.

जोडी का जमते

कालवाच्या मांसात खारटपणा असतो, मागाहून जाणवणारा गोडवा असतो आणि तोंडात रेंगाळणारी उमामी, म्हणजे रश्श्यासारखी मांसल, चव असते. मीठ जिभेवरची आंबटपणाची धार कमी करतं. त्यामुळे नुसती प्यायल्यावर दात आंबवणारी वाइन खाऱ्या घासानंतर एकदम गोलसर लागते. उमामी मात्र तुरटपणा आणि ओकचा कडसरपणा वर काढते. म्हणून एरवी उत्तम वाटणारी महागडी, पिंपात मुरलेली वाइन कालवासमोर कडवट आणि जड होते.

लोहाचाही यात भाग आहे. जपानी संशोधकांनी 2009 साली स्कॅलप (पंख्याच्या आकाराचे शिंपले) आणि निरनिराळ्या वाइन यांचा मेळ तपासला. लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह असलेल्या वाइनसोबत घासाच्या शेवटी उग्र माशाची चव येते, असं त्यांना आढळलं. लाल वाइनमध्ये लोह जास्त असण्याची शक्यता अधिक, पण काही पांढऱ्या वाइनमध्येही ते असतं, आणि लेबलवर त्याचा आकडा छापत नाहीत. याचा व्यवहारातला अर्थ असा: ताज्या कालवासोबत तोंडात धातूची किंवा शिळ्या माशाची चव आली, तर कालवाला दोष देण्याआधी दुसरी बाटली उघडून पाहा.

घरच्या घरी खात्री करायची असेल तर पदार्थ ताटात येण्याआधी ही छोटी चाचणी करा. वाइनचा एक घोट घ्या. मग जिभेवर मिठाचे चार-पाच कण ठेवा, ते विरघळले की दुसरा घोट घ्या. वाइन आधीपेक्षा मऊ आणि फळांच्या चवीची लागली तर ती शिंपल्यांसोबत चालेल. पाणचट लागली तर तिच्यात आंबटपणा कमी आहे. कडू लागली तर ती कोंबडीसाठी ठेवा.

लेबल वाचताना

पहिला घोटाळा नावाचा. म्युस्कादे म्हणजे मस्कॅट नव्हे आणि मोस्कातोही नव्हे. त्या दोन्ही सुगंधी द्राक्षांच्या वाइन, आणि मोस्कातो तर बहुधा गोड असते. म्युस्कादेचं द्राक्ष आहे मेलों द बूर्गोन्य. नावाप्रमाणे ते मूळचं फ्रान्सच्याच बर्गंडी प्रांतातलं. शार्दोने या प्रसिद्ध पांढऱ्या द्राक्षाचं ते सख्खं भावंड, कारण दोघांचे आईबाप एकच: पिनो आणि गुए ब्लां ही द्राक्षं. 1709 च्या भीषण हिवाळ्यात नांतकडच्या वेली गोठून गेल्या, आणि थंडी सोसणारं म्हणून हे द्राक्ष तिथे रुजलं. त्याला स्वतःचा असा ठसठशीत वास नाही. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, ओल्या दगडासारखं काहीतरी, एवढंच. शिंपल्यांच्या बाबतीत हा अबोलपणाच कामाचा.

लेबलवर नुसतं ‘म्युस्कादे’ असेल तर ती सर्वांत साधी पायरी. ‘म्युस्कादे सेव्र-ए-मेन’ असेल तर द्राक्षं सेव्र आणि मेन या नद्यांच्या परिसरातली. बहुतेक चांगल्या बाटल्या याच भागातल्या. त्यानंतर ‘स्युर ली’ हे शब्द शोधा. बाटली घेताना एकच गोष्ट तपासायची असेल तर ती हीच.

‘स्युर ली’ म्हणजे साक्यावर ठेवलेली. द्राक्षरस आंबून झाला की मेलेलं यीस्ट टाकीच्या तळाशी बसतं. इतरत्र हा साका लवकर काढून टाकतात. इथे वाइन निदान एक हिवाळा त्याच्यावरच राहते आणि पुढच्या वर्षी 1 मार्च ते 30 नोव्हेंबर या काळात थेट बाटलीत भरली जाते. साक्याचा उपयोग तिहेरी आहे. यीस्टच्या पेशी हळूहळू फुटून त्यांतली द्रव्यं वाइनमध्ये उतरतात, त्यामुळे पातळ वाइनला थोडं अंग येतं आणि पावाच्या कणकेसारखा मंद वास येतो. साका प्राणवायू शोषतो, म्हणून वाइन ताजी राहते. आणि वाइन फार ढवळली-हलवली न गेल्यामुळे आंबताना तयार झालेला थोडा कार्बन डायऑक्साइड तिच्यातच अडकून राहतो. ग्लासात ओतल्यावर दोन-चार बारीक बुडबुडे दिसले, जिभेच्या टोकाला किंचित चुणचुणलं, तर ती त्याचीच खूण. बाटली बिघडल्याची शंका घेऊ नका.

वर्ष पाहा. साधी स्युर ली म्युस्कादे द्राक्षतोडणीपासून दोन-तीन वर्षांत संपवावी. त्याहून जुनी बाटली सवलतीत दिसली तरी मोह टाळा. याला अपवाद आहे. लेबलवर क्लिसाँ, गोर्ज किंवा ल पाले असं गावाचं नाव असेल तर ती वरच्या दर्जाची वाइन, जिला ‘क्र्यू कोम्युनाल’ म्हणतात. या तिघांना 2011 मध्ये मान्यता मिळाली, नंतर आणखी काही गावांची भर पडली. ही वाइन साक्यावर दीड-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त राहते, अंगाने भरलेली असते आणि दहा वर्षंही टिकू शकते. क्लिसाँची जमीन ग्रॅनाइटची, गोर्जची गॅब्रो या काळ्या खडकाची. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या तर क्लिसाँ अधिक भरदार आणि गोर्ज अधिक ताठ वाटते.

अल्कोहोल 12 टक्क्यांच्या आसपास हवं. 13.5 च्या वर गेलं की खाऱ्या घासानंतर घशाशी जळजळ जाणवू लागते. काच पारदर्शक असेल आणि बाटली दुकानात ट्यूबलाइटखाली उभी असेल, तर मागच्या रांगेतली घ्या. प्रकाशामुळे वाइनमध्ये गंधकाची संयुगं तयार होतात आणि उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. तो नंतर जात नाही.

थंड किती करायची

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या दोन्ही टोकांच्या असतात. फ्रिजमधून काढून लगेच ओतलेली वाइन 4 अंशांच्या आसपास असते. इतक्या थंडीत जीभ बधिर होते, नुसता आंबट थंडपणा जाणवतो, साक्याने दिलेलं अंग लपून जातं. शिवाय कालवं स्वतः बर्फावर असतात. दोन्ही गोष्टी गारठलेल्या असल्या की चव कुठेच लागत नाही. दुसऱ्या टोकाला, 14 अंशांवर हीच वाइन सैल आणि अल्कोहोलची वाटते. साध्या म्युस्कादेसाठी 8 ते 10 अंश सेल्सियस, गावाचं नाव असलेलीसाठी 11-12.

फ्रिजमध्ये आडवी ठेवून अडीच-तीन तास लागतात. काढल्यावर दहा मिनिटं बाहेर राहू द्या, मग उघडा. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी घ्या, बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घातला तर खड्यांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि काचेला थंडी नीट पोचत नाही, म्हणून पाणी हवंच. मूठभर मीठ टाकलं तर पाण्याचं तापमान शून्याखाली जातं आणि वेळ आणखी कमी होतो. फ्रीझर हा शेवटचा उपाय: तीस मिनिटांचा गजर लावूनच. विसरलात तर वाइन गोठून फुगते, बूच वर ढकललं जातं, कधी काच तडकते. ग्लासात बर्फाचे खडे टाकू नका. आंबटपणा पातळ झाला की या वाइनपाशी उरत काहीच नाही.

थंड बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टारिक आम्लाचे स्फटिक, थंडीत जमलेले. निरुपद्रवी असतात. शेवटचा घोट बाटलीत सोडून द्यायचा, बस.

उघडणं आणि ओतणं

उघडल्यावर आधी थोडी ओतून हुंगा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा तळघरातल्या कुबट कापडाचा वास आला तर बूच दूषित आहे. ही बाटली हवेत ठेवून सुधारत नाही, परत करा. पेटवून विझवलेल्या काडीचा वास मात्र वेगळा. साक्यावर प्राणवायूविना राहिलेल्या वाइनला तो सुरुवातीला येऊ शकतो, आणि ग्लास चार वेळा फिरवला की बहुधा उडून जातो. सोललेल्या सफरचंदाची फोड काळी पडल्यावर येतो तसा वास आणि गडद पिवळा रंग दिसला तर वाइन हवेने मेली आहे.

ग्लास लहान, तोंडाशी निमुळता घ्या आणि दांडीला धरा. एका वेळी शंभर मिलिलिटरच ओता. मोठा ग्लास भरून दिला तर निम्मी वाइन पिऊन होईतो उरलेली कोमट होते. 750 मिलिलिटरच्या बाटलीतून असे सात ग्लास निघतात. दोघांनी मिळून डझनभर कच्ची कालवं खायची असतील तर अर्धी बाटली पुरते, बाकी अर्धी पुढच्या गरम पदार्थाला.

कशासोबत ती, कशासोबत दुसरी

कच्ची कालवं हा म्युस्कादेचा खरा घरचा प्रांत. कालव उघडल्यावर त्यातलं खारं पाणी सांडू देऊ नका, वाइनला आधार त्याचाच असतो. लिंबू पिळायचं तर दोन-तीन थेंब. व्हिनेगर आणि बारीक कांद्याची ती प्रसिद्ध चटणी मात्र टाळलेली बरी, कारण व्हिनेगरचं आम्ल वाइनच्या आम्लापेक्षा तिखट असतं आणि त्यानंतर कुठलीही वाइन पाणी वाटते. घालायचीच असेल तर कालवामागे पाव चमचा, त्याहून जास्त नाही. प्रजननाच्या काळात कालवं दुधाळ आणि मऊ होतात. तेव्हा साधी म्युस्कादे अपुरी पडते, क्र्यू घ्या.

एक गैरसमज इथेच दूर करू. वाइनचं किंवा लिंबाचं आम्ल कच्च्या कालवातले जिवाणू मारत नाही. व्हिब्रियोसारखे जिवाणू फक्त नीट शिजवण्याने मरतात. यकृताचा आजार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्ची कालवं खाऊच नयेत, ग्लासात काहीही असलं तरी.

तिसऱ्या आणि शिनाणे, म्हणजे मसल्स, वाफवून किंवा रश्श्यासह केले तर म्युस्कादे चोख बसते. उकडून गार केलेल्या कोळंबीसोबतही. तळलेल्या कोळंबीला तेलकटपणा कापणारे भरपूर बुडबुडे हवेत, तिथे कोरडी फेसाळ वाइन घ्या, लेबलवर ‘ब्रूट’ किंवा ‘एक्स्ट्रा ब्रूट’ लिहिलेली.

खेकड्याचं मांस गोड. त्यासमोर म्युस्कादे कृश वाटते. इथे स्पेनच्या गॅलिसियातल्या रियास बाइशासची अल्बारिन्यो अधिक शोभते, कारण तिच्यात पीचसारखं फळ आणि तरीही भरपूर आंबटपणा असतो. कोरडी जर्मन रीझलिंगही छान, पण लेबलवर ‘ट्रॉकेन’ हा शब्द असल्याची खात्री करा. नसेल तर ती गोडसर निघू शकते. लोण्यात घोळलेली शेवंड किंवा तव्यावर तांबूस भाजलेले स्कॅलप असतील तर बर्गंडीतल्या शाब्ली गावची वाइन घ्या. हे शार्दोने, आणि तिथल्या चुनखडीयुक्त मातीत छोट्या कालवांचे जीवाश्म सापडतात. मातीतलं कालव वाइनमध्ये चवीला उतरतं असं म्हणणं आकर्षक आहे, पण खडकाची चव मुळांमधून द्राक्षात जात नाही. जोडी जमते ती थंड हवेतल्या आंबटपणामुळे. कच्च्या कालवांसाठी साधी शाब्ली घ्या. तिच्या वरच्या पायऱ्या, प्रीमिये क्र्यू आणि ग्रां क्र्यू, अनेकदा ओकमध्ये ठेवलेली असते, ती शेवंडीसाठी.

टोमॅटो घातलेल्या रश्श्यासमोर टोमॅटोइतकाच आंबटपणा हवा. ग्रीसच्या सांतोरिनी बेटाची असिर्तिको तिथे टिकून राहते. मिरचीचा तिखटपणा असेल तर हिशेब पूर्ण बदलतो: अल्कोहोल तिखट वाढवतं, म्हणून कमी अल्कोहोलची, किंचित गोडसर रीझलिंग शोधा. इथे म्युस्कादे वाया जाते.

म्युस्कादे मिळत नसेल तर तिच्या सर्वांत जवळची बहीण म्हणजे पिकपूल द पिने. दक्षिण फ्रान्समध्ये थो या खाऱ्या सरोवराच्या काठाला ती होते आणि त्याच सरोवरात कालवांची शेती चालते. नंतरचा पर्याय पोर्तुगालची विन्यो व्हेर्द, हलकी आणि चुणचुणती, पण तिच्यातल्या स्वस्त बाटल्यांत थोडी साखर असते. सोव्हिन्यों ब्लां घ्यायची तर ल्वारकाठच्या सॉन्सेरसारखी संयत. न्यूझीलंडची अति सुगंधी असली की कालव झाकून टाकते.

वाफवलेले शिनाणे, त्याच बाटलीतून

ज्या वाइनसोबत जेवायचं तीच भांड्यात घातली की रस्सा आणि ग्लास एकमेकांशी भांडत नाहीत. दोघांसाठी कवचासह एक किलो जिवंत शिनाणे घ्या. तडकलेले टाकून द्या. उघडे असतील त्यांच्यावर बोटाने टिचकी मारा. मिटले तर जिवंत, नाही मिटले तर तेही टाका. कवचाबाहेर लोंबणारे धागे शिजवण्याच्या अगदी आधी ओढून काढा. आधीच काढून ठेवले तर शिनाणे मरतात. तिसऱ्या वापरणार असाल तर वाळू काढण्यासाठी लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात पसरट भांड्यात एकाच थरात, थंड आणि अंधाऱ्या जागी तास-दोन तास ठेवा. गोड्या पाण्यात भिजवू नका, त्या मरतात. नंतर हाताने उचलून घ्या. चाळणीत ओतल्या तर बाहेर टाकलेली वाळू पुन्हा त्यांच्यावरच पडते.

झाकण असलेलं मोठं स्टीलचं पातेलं घ्या. शिनाणे घातल्यावर ते निम्म्याहून जास्त भरलेलं नसावं, नाहीतर खालचे रबरासारखे होतात आणि वरचे कच्चे राहतात. लोखंडी कढई किंवा बिनमुलाम्याचं अॅल्युमिनियम नको. वाइनचं आम्ल धातू खातं आणि रश्श्याला धातूची चव येते.

25 ग्रॅम लोण्यावर दोन छोटे कांदे आणि लसणाच्या दोन पाकळ्या बारीक चिरून मऊ करा. तांबूस होऊ देऊ नका. 150 मिलिलिटर वाइन ओता, आच पूर्ण वाढवा, एक मिनिट खळखळू द्या म्हणजे अल्कोहोलचा उग्रपणा जाईल. शिनाणे घाला, झाकण लावा. तीन ते पाच मिनिटं, मध्ये दोनदा पातेलं झाकणासकट हलवा. बहुतेक उघडले की लगेच उतरवा. प्रत्येक जास्तीच्या मिनिटाला मांस आकसतं. न उघडलेले बाजूला टाका. मीठ अजिबात घालू नका, कवचातलं पाणी पुरेसं खारं असतं. रस्सा घट्ट करायच्या नादात आटवू नका, कारण आंबट वाइन आटली की आंबटपणा दाट होतो आणि मीठही. रस्सा वाढताना तळाचा चमचाभर सोडून द्या, वाळू तिथे असते.

पातेल्यातून काढलेल्या गरम रश्श्यासमोर ग्लासातली वाइन पहिल्या घोटाला फार आंबट वाटली, तर रश्श्यात लोण्याचा एक लहान तुकडा विरघळवा. वाइनमध्ये काही करायची गरज पडत नाही.

उरलेली बाटली

बूच किंवा झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. आडवी ठेवली तर हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो. चुणचुण पहिल्या रात्रीच जाते, फळाची चव दुसऱ्या दिवसापर्यंत राहते, तिसऱ्या दिवसानंतर ती फक्त स्वयंपाकाची. अर्ध्याहून कमी उरली असेल तर लहान बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे हवेला जागाच राहत नाही आणि एक दिवस जास्त मिळतो. त्याहून जास्त दिवस लागणार असतील तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एका खणात साधारण 20 ते 30 मिलिलिटर मावतात, म्हणजे पुढच्या किलोभर शिनाण्यांसाठी सहा-सात खडे.